डाव्या हाताची फाईल

फाईल सकाळी यायची ती दुपारी आली, आणि आली ती मुकी.

म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, सुरांच्या बारक्या काड्या स्क्रीनवर रांगेने पसरल्या, प्ले दाबलं, रेघ सरकायला लागली आणि आवाजाचा पत्ता नाही. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मिडी फाईलमध्ये आवाज नसतोच मुळी. कुठली पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोरात दाबली आणि केव्हा सोडली, एवढंच तिच्यात असतं. आवाज आपण द्यायचा. ट्रॅकवर एखादा सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरमधलं वाद्य, बसवायचा, मग ती बोलते. हे मी रोज करते, झोपेतसुद्धा करीन. पण त्या दिवशी मी खुर्चीवर टेकत होते, उठत होते, खिडकी उघडत होते, लाँड्रीची वाफ आत आली की पुन्हा लावत होते, आणि सिंथ बसवायचं तेवढं राहून जात होतं.

माझी खोली लाँड्रीच्या डोक्यावर आहे. खाली मोठं मशीन कपडे पिळायला लागलं की माझी जमीन थरथरते, आणि मग माईक लावून काही करायची सोय राहत नाही. अशा वेळी मी मिडीची कामं काढते, मिडीला थरथर ऐकू येत नाही. लाँड्रीवाला भला माणूस आहे. मोठा गठ्ठा टाकायच्या आधी जिन्यातून हाक मारून सांगतो, "ताई, हादरे येतायत."

काम होतं बाहुल्यांच्या नाटकाचं. एका हत्तीला झोप येत नाही, तो सगळ्या जंगलाला जागं ठेवतो आणि शेवटी झोपतो, एवढीच गोष्ट. दिग्दर्शकाला आम्ही 'लगेच' म्हणतो, कारण त्याला सगळं लगेच लागतं. संध्याकाळच्या तालमीला त्याला पियानोची फाईल हवी होती, बाहुल्या नाचवणाऱ्यांना सरावासाठी. प्रयोगात मात्र पियानो प्रत्यक्ष, रंगमंचाच्या कडेला बसून, आणि तो माझा दादा वाजवणार. तसा शब्द मी लगेचला देऊन बसले होते. दादाला विचारायचं राहिलं होतं, ते सोडा.

आता खरं सांगते. नाटक गेलं उडत. मला माझा दादा परत हवा होता.

दर आठवड्याला यायचा तो. धापा टाकत जिना चढायचा, माझ्याच खुर्चीत बसायचा, माझ्या कामाला नावं ठेवायचा, माझा चहा प्यायचा आणि जाता जाता काहीतरी असं वाजवून जायचा की मला ते दिवसभर पुरायचं. मला तो 'खटपट' म्हणतो, लहानपणापासून. पियानो त्यानेच शिकवला मला, आणि माझ्या डाव्या हाताला 'हातोडा' म्हणून म्हणून तो नाद सोडायलाही त्यानेच लावलं. गेले काही महिने त्याने येणं बंद केलं होतं. "घरूनच पाठवतो गं फाईल, कशाला उगाच जिने चढा," एवढंच. मी धरून चालले होते की स्वारी रुसलीय. त्याला न विचारता मी नवा कीबोर्ड घेतला होता, आणि आमच्या दादाला न विचारता दिवससुद्धा उगवू नये. रुसलाय तर रुसू दे, असं म्हणत मी सकाळपासून फोनकडे बघत होते.

शेवटी सिंथ बसवला. त्याच्या आवडीचा, पियानोचा. हा आम्ही दोघांनी मिळून निवडला होता. यात एका खऱ्या पियानोची एकेक पट्टी निरनिराळ्या जोराने वाजवून रेकॉर्ड केलेली आहे, अगदी हळुवार स्पर्शापासून दणक्यापर्यंत. तुम्ही जेवढ्या जोराने दाबाल तेवढ्या जोराचा आवाज तो आतून काढून देतो. घेतला तेव्हा दादा म्हणाला होता, "तळाचे हळू आवाज फुकट गेले बघ तुझे. या खोलीत हळू कोण वाजवणार? खाली मशीन ठोकतंय, वर तुम्ही." खरंच होतं ते. इथे येणारा प्रत्येक जण ठोकतो.

या वेळी दादाने दोन ट्रॅक पाठवले होते, एक उजव्या हाताचा, एक डाव्या. एरवी तो दोन्ही हात एकत्रच पाठवतो. मी म्हटलं, असेल काही त्याची सोय. उजव्यावर पियानो बसवला, आणि डाव्यावर घाईघाईत, सगळी वाद्यं मिळून असतात तो सिंथ टाकला. प्ले दाबलं तर डावा हात ट्रम्पेटमध्ये सुरू. हत्तीची अंगाई, आणि खाली ट्रम्पेट. फाईलच्या तोंडाशी एक छुपी सूचना होती, अमुक नंबरचा आवाज लाव म्हणून, आणि तो सिंथ गुणी बाळासारखा ते ऐकत होता. सूचना पुसली, डाव्यावरही आपला पियानो बसवला. पुन्हा प्ले.

उजवा हात सुरेख. दादाच तो, शंकाच नको. ओळीच्या शेवटी जरासा रेंगाळायचा, जसा दारात चपला घालताना रेंगाळतो तसा. पण डावा हात ऐकून मी थांबवलंच. टक, टक, टक, टक. प्रत्येक सूर ठरल्या जागी, प्रत्येक सूर एकाच जोराचा. त्यात माणूसच नव्हता.

माझा पहिला संशय सॉफ्टवेअरवर. त्याला एक खोड असते, फाईल आत घेतानाच सगळे सूर ओढून सरळ रेघेत बसवायची. ते चालू राहिलं असेल म्हणून बंद केलं, फाईल काढली, पुन्हा घातली. टक, टक. मग संशय सिंथवर. जोर कितीही असो, आवाज एकसारखाच काढायचा असं एक बटण त्यात असतं. ते बंदच होतं. तरी चालू करून पुन्हा बंद केलं, आपल्या समाधानासाठी. दुसरा पियानो लावला, तिसरा लावला. सगळीकडे उजवा हात श्वास घेत होता आणि डावा भिंतीत खिळे मारत होता.

लगेचचा फोन आला. "झालं का?"

"होतंय."

"तालमीला सगळे लवकर येतायत. लगेच पाठव ना."

"होतंय म्हटलं ना," मी म्हणाले आणि फोन उशीखाली ठेवला. स्टुडिओत एक उशी असते माझ्या, ती बहुतेक फोनसाठीच वापरली जाते.

मग मी एकेक काडी उघडून आकडा बघायला लागले. खरं तर हे आधीच करायला हवं होतं. प्रत्येक सुराला त्याच्या जोराचा आकडा असतो. उजव्या हाताचे आकडे वरखाली, माणसाचे असतात तसे. डाव्याचे शंभर. पहिला शंभर, दुसरा शंभर, अर्ध्यापर्यंत गेले तरी शंभर, पुढचे बघायला मी थांबलेच नाही. पट्टी न दाबता माऊसने काडी काढली की सॉफ्टवेअर आपण होऊन हा आकडा देतं. म्हणजे दादाने डावा हात वाजवलाच नव्हता. माऊसने काढला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माऊसने सूर काढणाऱ्यांना आयुष्यभर नावं ठेवणारा हा माणूस. मी एकदा काढले होते तर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत सुटला होता, "आमची खटपट आता भरतकाम शिकतेय." आणि माझ्या कामाच्या वेळी स्वतः बसून भरतकाम. का, तर मी कीबोर्ड विचारून घेतला नाही. खाली मशीन पिळायला लागलं, टेबलावरची पेन्सिल घरंगळत निघाली, ती मी पकडली आणि फोन लावला.

"काय खटपट, ऐकलंस?" त्याचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा. हल्ली तो फोन कायम स्पीकरवर टाकून बोलायचा.

"ऐकलं. डावा हात कोणी वाजवलाय? शेजारच्यांच्या घड्याळाने?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"दादा, मी तालमीला काय पाठवू हे? एवढा राग होता तर नाही म्हणायचंस. दुसरा कुणी बघितला असता मी." हे म्हणताना मला वाटलं होतं की तो उसळेल. दुसऱ्या कुणाचं नाव काढलं की तो उसळतोच.

"वेळ नव्हता गं," तो म्हणाला. "मधलं मधलं काढलं माऊसने. शेवटचा तुकडा वाजवलाय ना पण. हत्ती झोपतो तो. तो ऐक आणि मग बोल." आणि फोन बंद.

मी तुकडा ऐकला. आणि माझा राग बसला, कारण तो दादा होता. त्याचा डावा हात उजव्याच्या किंचित आधी पडतो, पूर्वीपासून. मी लहान असताना या सवयीवरून चेष्टा करायचे, डाव्याला भूक लागलीय म्हणून. इथे तो बरोबर तसाच पडत होता. आकडे वरखाली होते. सूर एकमेकांत थोडे सांडत होते. इतकं बरं वाटलं मला की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, चला, रुसवा अर्धाच आहे, शेवट तरी मनापासून वाजवलाय. बाकीचं मी सावरून घेईन, थोडं इकडेतिकडे सरकवून माणसात आणीन.

तेवढ्याने मी गप्प बसले असते. पण मला खटपट उगाच नाही म्हणत. त्या तुकड्यातला एक सूरगुच्छ मला फारच आवडला, खालचा सूर खोल आणि वरचे त्याच्याबरोबरच धरून ठेवलेले, म्हणून मी नव्या कीबोर्डवर जाऊन तो दाबून बघायला गेले. माझा हात पोचेना. तळहात ताणला, अंगठा वाकडा केला, तरी एक पट्टी कमी पडत होती.

आमच्या घरात सगळ्यांचे हात आखूड, आईचे. दादाचा आणि माझा हात आम्ही लहानपणी कितीदा तरी एकमेकांवर ठेवून मापलाय, त्याची बोटं माझ्याहून जाड आहेत, लांब नाहीत. असला गुच्छ आला की तो तोडून वाजवतो, आधी खालचा सूर, मग उडी मारून वरचे. इथे मात्र सगळे सूर एकत्र दाबलेले आणि एकत्र धरलेले, सूर धरून ठेवणारं पायातलं पॅडलही नाही. हे दादाच्या हाताने होणं शक्य नव्हतं. माऊसला हाताची लांबी नसते.

मी खाली बसले, जमिनीवरच. शेवटचा तुकडाही माऊसनेच काढलेला होता. पण यात त्याने एकेक काडी धरून केसभर मागे सरकवली होती, एकेक आकडा बदलला होता, आपला डावा हात कसा पडायचा ते आठवून आठवून. आपल्याच हाताची नक्कल करत बसला होता तो. आळशी माणूस हे करत नाही. रुसलेला माणूसही नाही. असलं एवढं काम, जे पाच मिनिटांत वाजवून झालं असतं, ते माणूस का करेल?

आणि मग एकेक आठवायला लागलं. फोन कायम स्पीकरवर. मागे एकदा रस्त्यात भेटला तेव्हा टी-शर्ट घातलेला, आमचा दादा, जो भाजी आणायलाही इस्त्रीचा शर्ट घालतो. बुटांच्या जागी सपाता. डावा हात सगळा वेळ खिशात. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बघा तोरा.

लगेचला लिहिलं, फाईल उशिरा येईल. लॅपटॉप उचलला, केबल गळ्यात अडकवली आणि निघाले. खाली लाँड्रीवाला म्हणाला, "ताई, चहा घेऊन जा," मी हात हलवला. रस्ता खणून ठेवला होता, लोक फळीवरून एकेक करून जात होते, पुढच्या बाईच्या हातात दोन पिशव्या आणि एक कुंडी. तिला ढकलावं की तिची कुंडी धरावी हे मला कळेना. शेवटी धरली. सिग्नलला दिवा बदलायची वाट बघताना मी आपल्या डाव्या हाताची बोटं मोजून हलवत होते, चालतात ना म्हणून.

दार वहिनीने उघडलं. ती घरीच कपडे दुरुस्त करून देते, गळ्यात मापाची टेप होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने काही विचारलं नाही. "आत आहेत," म्हणाली आणि पुन्हा शिलाई मशीनवर जाऊन बसली.

दादा कॉम्प्युटरसमोर होता. अंगात शर्ट, इस्त्रीचा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. उजव्या हातात माऊस. स्क्रीनवर तीच फाईल, डाव्या हाताच्या काड्या, आणि त्यांतली एक तो अजूनही सरकवत होता. डावा हात मांडीवर ठेवला होता, जसं कुणी पाकीट ठेवतं.

"तो गुच्छ तुझ्या हाताने पोचत नाही," मी म्हणाले.

त्याने स्क्रीनकडे बघितलं. मग हसला. "च्यायला," म्हणाला. "ते राहिलंच लक्षात. एवढं सगळं केलं आणि हात मोजायचा राहिला."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दादा, मी तुझ्यावर ओरडणारे, पण आधी सांग. कधीपासून?"

मग त्याने सांगितलं. आधी करंगळी पट्टीवरून घसरायला लागली. मग पेला निसटला, एक, दोन, मग वहिनीने स्टीलचे काढले. वाजवायला बसलं की हात हुकूम उशिरा ऐकायचा, आणि जोर तर लागायचाच नाही. "उजवा ठीक आहे. पायही ठीक आहेत. डोकं तुझ्यापेक्षा बरं आहे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कशाला डॉक्टर?"

"कशाला डॉक्टर म्हणजे?" माझा आवाज चढला. बाहेर शिलाई मशीन चालूच होतं.

"हळू बोल, तिला माहीत नाही." तो खुर्चीत वळला. "ऐक माझं. सुधारतोय हात. मध्ये मला शर्टाची बटणं लागत नव्हती, म्हणून ते टी-शर्ट. आता बघ." त्याने उजव्या हाताने वरचं बटण काढलं आणि डाव्या हाताने लावायला घेतलं. बोटं थरथरली, चाचपडली, पण बटण गेलं आत. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू शाळेत पहिला आलाय. "दिसलं? रोज सकाळी आधीपेक्षा सोपं जातं. प्रयोगाला तू मलाच बसवणार हे न विचारताही माहितेय मला, असंच चाललं तर त्याच्या आत हात येईल. तोवर या फाईलवर तालमी होऊ देत. डॉक्टरकडे गेलं की तो त्याला काहीतरी नाव देणार. एकदा नाव मिळालं की ते खरं होतं, खटपट. आत्ता ते नुसतं बटणांचं आहे."

बटण लागलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. क्षणभर मलाही वाटलं की असेल, सुधारतही असेल.

बाहेरचं मशीन थांबलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली, सुई ब्लाउजला टोचलेली.

"नाही हो सुधारलेला," ती म्हणाली. "काजं मोठी केलीत मी."

दादाला कळलं नाही. मलाही नाही लगेच.

"तुमच्या सगळ्या शर्टांची," ती म्हणाली. "सकाळी आरशासमोर उभे राहून झगडायचात, मग टी-शर्ट घालून बाहेर यायचात. मला बघवेना. थोडी उसवून मोठी केली आणि पुन्हा शिवली. मग तीही पुरेनात, तेव्हा आणखी थोडी. परवा परत केली. मला काय माहीत तुम्ही त्यावरून हात सुधारला म्हणून बसलाय."

दादाने मान खाली घातली आणि शर्टाच्या मधल्या काजात उजव्या हाताचं बोट घातलं. बोट सहज पलीकडे निघालं. त्याने ते काढलं, दुसऱ्या काजात घातलं. तेही निघालं. मग त्याने हात मांडीवर ठेवला.

मला रडूही आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि त्यातलं एकही धड करता येईना. अशा वेळी मी जे करते तेच केलं. लॅपटॉप उघडला, केबल त्याच्या कीबोर्डला लावली, आमचा पियानो बसवला, आणि डाव्या हाताच्या ट्रॅकमधला शेवटचा तुकडा पुसून टाकला.

"काय केलंस ते?"

"भरतकाम पुसलं. आता नवीन दे."

"नाही वाजत म्हणून सांगतोय ना मी तुला."

"वाजतं तेवढं वाजव. सूर कमी कर. एवढे लागतात कशाला? हत्ती झोपतोय, पळत नाहीये."

"मला शिकवू नकोस."

"मग कोण शिकवणार? इथे तिसरं कोण आहे?" मी म्हणाले. वहिनी दारातच होती, ती म्हणाली, "मी आहे. वाजवा."

मी उजव्या हाताचा ट्रॅक चालू केला, शेवटच्या तुकड्यापासून, आणि डाव्याचं रेकॉर्डिंग सुरू केलं. खोलीत त्याचाच उजवा हात वाजायला लागला. दादा बसून राहिला. एक ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला त्याने डावा हात उजव्याने उचलून पट्ट्यांवर ठेवला, आणि त्या मोठ्या गुच्छाच्या जागी फक्त खालचा एक सूर दाबला.

आधी वाटलं, पट्टी खाली गेलीच नाही. मग आवाज आला. इतका हळू आवाज मी त्या पियानोतून कधी ऐकला नव्हता. सूर तर होताच, पण त्याच्या आधी आतला लाकडी हातोडा तारेला टेकल्याचं ऐकू आलं, कुणी झोपलेल्याच्या खोलीचं दार लोटावं तेवढं. स्क्रीनवर जोराचा आकडा इतका लहान होता की मी असला आकडा आधी बघितलाच नव्हता.

दादाने माझ्याकडे बघितलं. "कुठला लावलास हा?"

"तोच. आपलाच. तळाचे आवाज आहेत ते, फुकट गेलेले."

तो पुढे वाजवत राहिला. ओळीला एकच सूर. प्रत्येक उशिरा पडत होता, एक चुकला, एक लागलाच नाही आणि तिथे उजवा हात एकटा गेला. पूर्वी डाव्याला भूक असायची, आता तो सगळ्यांच्या मागून येत होता. मी मान्य करते, ते पूर्वीसारखं नव्हतं आणि पूर्वीसारखं होणारही नाही. पण त्यातला एकही सूर दुसऱ्या कुणाला वाजवता आला नसता. ठोकणाऱ्यांचं ते काम नव्हे. शेवटचा सूर त्याने दाबला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग हात पट्टीवरून आपोआप घसरला.

वहिनीने ब्लाउजची सुई काढली आणि पुन्हा तिथेच टोचली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. दादा आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, रागाने नाही, नुसता बघत होता. पुष्कळ वेळाने म्हणाला, "उद्या किती वाजता जायचं?"

"साडेनऊला," वहिनी म्हणाली. "नंबर लावून ठेवलाय मी, गेल्या आठवड्यातच."

त्याने मान हलवली. "मग टी-शर्टच काढून ठेव. नाहीतर तिथे डॉक्टर काजं बघायचा."

रेकॉर्डिंग बंद करायचं मी साफ विसरले होते. घरी येऊन मधलं सावरून फाईल लगेचला पाठवली आणि तालमीतून त्याचा फोन आला. शेवटी डावा हात फार कमी आहे, पण बाहुली नाचवणारी म्हणतेय की असाच ठेवा, हत्ती आपोआप झोपतो, असं काहीतरी तो सांगत होता. मग म्हणाला, "शेवटच्या सुरानंतर मात्र एवढी रिकामी जागा आहे. काहीच नाहीये त्यात. लगेच कापून टाकू?"

"हात लावू नकोस," मी म्हणाले.